हाड जुळलं, हात अजून जळतोय

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या. भांडुपला राहतात, फोर्टमधल्या एका पतपेढीत कॅशियर आहेत. गेल्या वर्षी जुलैत भर पावसात स्टेशनच्या पुलावरून उतरताना घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. तारा घालून हाड बसवलं, सहा आठवडे प्लास्टर राहिलं, मग तारा काढल्या. आज चौदा महिने झाले. एक्स-रे स्वच्छ आहे, पण अंगठ्याच्या मुळाशी आणि हाताच्या पाठीवर सतत आग होते, मधूनच करंट बसल्यासारखी चमक जाते. ब्लाउजची बाही घासली, पंख्याचा वारा लागला तरी सोसत नाही, रात्री झोप मोडते. ऑफिसात टेबलाखाली हातावर ओला रुमाल ठेवून त्या नोटा मोजतात. हाडाच्या डॉक्टरांनी प्रीगॅबालिन ७५ रात्री घ्यायला सांगितली. चौथ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरताना तोल गेला म्हणून आठव्या दिवशी त्यांनी ती आपणच बंद केली. दुसऱ्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन १० लिहून दिली. नेटवर पाहिलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. मिस्टर म्हणाले, "म्हणजे आता तुला वेडी ठरवतायत का?" सासूबाई म्हणतात, असल्या गोळ्यांची सवय लागते. म्हणून ती गोळी घेतलीच नाही. केमिस्टकडून मिळणारी डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी मात्र रोज एक-दोनदा चालू आहे आणि त्याने ॲसिडिटी झाली आहे. त्या विचारतात : जन्मभर गोळ्या खाव्यात, की मन घट्ट करून सहन करावं? आणि ता. क. : तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लग्न आहे. उजव्या हातात बांगड्या भरता येतील का?

उत्तर :

ताई, आधी त्या ओल्या रुमालाबद्दल. तो लपवू नका. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तेव्हा सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागून मज्जातंतू दुखावलेले सैनिक तपासले. जखमा भरल्या होत्या, आग मात्र जात नव्हती. ते सैनिक हातावर ओलं फडकं गुंडाळून बसायचे. काही जण तर बुटांत पाणी ओतून घ्यायचे, कारण कोरड्या कातडीला कशाचाही स्पर्श सहन होत नसे. त्या दुखण्याला मिचेल यांनी जे नाव दिलं, त्याचा ग्रीक अर्थ 'जळती वेदना' असा होतो. तुम्ही टेबलाखाली जे करताय ते करणारी माणसं दीडशे वर्षांपूर्वीही होती, आणि ती वेडी नव्हती.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात व्यवसायोपचार विभागात, म्हणजे ओटीत, हात सुधारण्याचं काम केलं. (आपल्याकडे हे शास्त्र कमला निंबकरांनी आणलं. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा सुरू झाली. अजूनही निम्म्या लोकांना ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटरच आठवतं.) त्यामुळे गोळीचा अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या पाच मिनिटांत काय विचारायचं, ते मला सांगता येईल.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय : एक्स-रे चांगला, म्हणजे हात बरा, म्हणजे उरलेलं दुखणं मनाचं किंवा सोसण्याचं. एक्स-रेत हाड दिसतं, मज्जातंतू दिसतच नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीच्या अगदी खालून एक बारीक तंतू हाताच्या पाठीवर जातो. तुम्ही दाखवलेली जागा नेमकी त्याच्या हद्दीतली आहे. या भागात तारा घालताना किंवा प्लास्टरच्या दाबाने तो दुखावणं ही डॉक्टरांना माहीत असलेली गुंतागुंत आहे. कोणाची चूक झाली असं मी म्हणत नाही, हाड बसवायला तारा लागतातच. पण कारण असं असू शकतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्या भाषेनेही इथे घोळ घातलाय. रक्ताची ती नस, संवेदनेची तीही नस, स्नायू आखडला तरी 'शीर चढली'. मग शेजारची काकू म्हणते, नस दबलीय, तेल लावून चोळून घे. दुखावलेला मज्जातंतू जोरात चोळणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. तो आतून चुकीचे निरोप पाठवतोय. वारा लागला तरी मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. वेदना खरी आहे, निरोप खोटा आहे.

म्हणूनच केमिस्टची गोळी लागू पडत नाही. डायक्लोफिनॅक सुजेवर काम करतं आणि तुमच्या हाताला आता सूज नाही. चौदा महिने रोज ती गोळी घेऊन आग गेली नाही, याचा अर्थ तुमचं दुखणं हट्टी आहे असा नाही, गोळी चुकीच्या दारावर थाप मारतेय. तिचा त्रास मात्र पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला होतो. तुमची ॲसिडिटी ही पहिली सूचना समजा. काळी शी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोळी मला विचाराल तर हीच आहे, आणि गंमत म्हणजे घरात तिच्यावर कोणाचाच आक्षेप नाही.

आता मिस्टरांच्या वाक्याकडे येते. अमिट्रिप्टिलीन नैराश्यासाठीच बाजारात आली, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे लक्षात आलं की मेंदूकडून पाठीच्या कण्यात खाली येऊन वेदनेचा आवाज कमी करणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांना ती बळ देते, माणूस उदास असो वा नसो. नैराश्यासाठी तिची मात्रा बहुधा ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून वर जाते. तुम्हाला लिहून दिली १०. मिस्टरांना एवढंच विचारा : त्यांच्या ओळखीतलं कोणी हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असेल, तर त्याचं डोकं दुखतं म्हणून घेतो का? प्रीगॅबालिन आणि तिची थोरली बहीण गॅबापेंटिन या तर फिटच्या गोळ्या. जास्त उसळणाऱ्या तंतूंना त्या शांत करतात, म्हणून इथेही चालतात. चौथं नाव ड्युलॉक्सेटिन. जगभर मज्जातंतूच्या वेदनेसाठी पहिल्यांदा याच तीन-चार औषधांचा विचार होतो.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९पासून प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन नियंत्रित औषधांत घातली गेली, कारण काही लोक ती नशेसाठी वापरू लागले होते. तेव्हा त्यांची शंका हवेतली नाही. पण सवय दोन तऱ्हांची असते. एकीत माणूस गोळीमागे धावतो. दुसरीत शरीराला गोळीची ओळख झालेली असते, म्हणून ती एकदम तोडली तर घाम, झोप उडणं, बेचैनी होते. दुसरीला उपाय सोपा आहे : डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत बंद करायची. आठच दिवस घेतल्यामुळे तुम्ही निभावलात, पण दोन महिने घेतलेली गोळी अशी मध्येच सोडू नका. आणि घरात पूर्वी कोणाला दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

'जन्मभर' हा शब्द तुमच्या पत्रात तीनदा आलाय. तो कुठून आला? दोन्ही चिठ्ठ्यांवर तसं काही लिहिलेलं नाही. ही औषधं मी प्रयोगासारखी बघते. सुरुवातीची तारीख लिहायची, कमी मात्रेपासून चढवायची, पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे द्यायचे आणि मग हिशेब करायचा. उपयोग असेल तर काही महिने चालवून डॉक्टर ती कमी करून बघतात. उपयोग नसेल तर बंद करून दुसरं. आठ दिवसांत प्रीगॅबालिन नापास ठरवणं म्हणजे नवीन मुलाला पहिल्याच दिवशी कॅश टॅली झाली नाही म्हणून घरी पाठवणं.

हिशेब करताना अपेक्षा मात्र खरी ठेवा, कारण इथे लोक फार निराश होतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन सात-आठ जणांनी घेतली की नकली गोळीपेक्षा (म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा) एक माणूस जास्त असा निघतो, ज्याचं दुखणं निम्मं होतं. अमिट्रिप्टिलीनच्या गटात हे प्रमाण चार जणांमागे एक असं दिसतं, पण ते अभ्यास जुने आणि छोटे, म्हणून तो आकडा थोडा खाली ओढूनच वाचावा. बाकीच्यांपैकी काहींना थोडा आराम, काहींना काहीच नाही. तुम्ही कोणत्या बाजूला असाल हे आधी कोणीच सांगू शकत नाही, घेऊनच कळतं. आणि आराम म्हणजे शून्य नव्हे. दहापैकी आठ दुखणारं पाचवर आलं, तर लोक पुन्हा रात्रभर झोपतात.

त्यामुळे दुखण्याला गुण देण्यापेक्षा कामांना द्या. वहीत तीन ओळी पुरेत. रात्री किती वेळा जाग आली, रुमालाशिवाय किती बंडलं मोजली, बाहीचा ब्लाउज किती तास अंगावर राहिला. माझ्याकडे येणाऱ्या बायका "तसंच आहे हो" म्हणायच्या आणि वही उघडली की कळायचं, महिन्याभरापूर्वी त्यांना कणीक मळता येत नव्हती.

दोन्हींपैकी कोणती? तुमच्या पत्रात झोप मोडण्याबद्दल बरंच आहे, आणि प्रीगॅबालिनने तोल गेला होता. मी तुमच्या जागी असते, तर न घेतलेल्या अमिट्रिप्टिलीनबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोलले असते. ती झोपायच्या एक-दोन तास आधी घेतात, म्हणजे सकाळची गुंगी कमी राहते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. पण काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. वाचणाऱ्यांत साठीपुढचे पुरुष असतील, त्यांनी तर नक्कीच. प्रीगॅबालिनचं दारही बंद झालेलं नाही. ७५पेक्षा कमी मात्रेची कॅप्सूल मिळते, तीपासून सुरू करता येतं का, ते विचारा. तिने वजन वाढतं, काहींच्या पायावर सूज येते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. म्हणून चौदा महिने डायक्लोफिनॅक घेतलेल्या बाईने आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घेणं बरं. ड्युलॉक्सेटिनने सुरुवातीला मळमळ होते, रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक, ते त्यानंतरचं पाऊल. २०१८पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटिनबरोबर ते स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं. केमिस्टने 'भारी गोळी' म्हणून दिलं तरी घेऊ नका. यातली कुठलीही गोळी चालू असताना मन फार काळवंडलं, जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरातल्या एका माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

गोळ्यांच्या पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. आपल्याकडे प्रीगॅबालिन बऱ्याचदा एकटी येत नाही. बरोबर मिथाइलकोबालामिन असतं, कधी नॉरट्रिप्टिलीन. ही नॉरट्रिप्टिलीन अमिट्रिप्टिलीनची सख्खी बहीण. एका डॉक्टरांची ही पट्टी आणि दुसऱ्यांची ती, असं दोन्ही घेतलं तर एकाच जातीचं औषध दुप्पट होतं आणि आपल्याला पत्ता नसतो. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२. ते कमी असेल तर जरूर घ्यावं. शाकाहारी लोक आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात ते बऱ्याचदा कमी असतं. म्हणून आधी बी-१२ आणि साखर तपासा. 'नसांच्या' म्हणून मिळणाऱ्या काही जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत बी-६ भरपूर असतं, आणि ते फार दिवस जास्त घेतलं तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात.

लोकल गाडीबद्दल वेगळं लिहिते, कारण तिच्याबद्दल औषधाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात चक्कर येते आणि मुंबईत चक्कर म्हणजे फलाट आणि फूटबोर्ड यांमधली ती फट. गोळी शुक्रवारी रात्री सुरू करा, शनिवार-रविवार घरी अंदाज घ्या. जमल्यास दोन दिवस रजा जोडा. पुढचे दहा दिवस दारात उभं राहू नका, उतरायची घाई करू नका, एक गाडी सोडा. लेडीज डब्यातल्या बायका कितीही ढकलाढकली करोत, बाहेरून दिसणारा मऊ हातमोजा किंवा क्रेप बँडेज पाहिलं की थोडी जागा देतात, हा माझ्या पेशंट बायकांचा अनुभव. बँडेज सैल असू द्या. स्कूटर चालवणाऱ्यांनी तर अंदाज येईपर्यंत चावी घरीच ठेवावी.

तुमच्या जागेचा एक फायदाही आहे. आग तळहाताएवढ्या भागात आहे. तेव्हा सगळ्या शरीरात जाणारी गोळीच कशाला, हे विचारायला हरकत नाही. लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, चिकटपट्टी त्या भागावर दिवसातून बारा तासांपर्यंत लावता येते, गुंगी येत नाही, ऑफिसच्या वेळेला सोयीची. मात्र ती महाग पडते. कॅप्सेसिनचं मलम म्हणजे मिरचीतला तिखटपणा. सुरुवातीला आणखी जळतं, मग रोज लावत राहिलं तर तिथले तंतू बोथट होतात. लावल्यावर हात धुवा आणि डोळ्यांना लावू नका, हे लवंगी मिरच्यांचा ठेचा करणाऱ्या बाईला सांगायची गरज नाही.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मात्र राहून गेलीय. तुमचा हात हातांच्या सर्जनने पाहिलेला नाही. दुखावलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून अंगठ्यापर्यंत दहा-बारा सेंटिमीटर धरा, म्हणजे तीन-चार महिन्यांचा प्रवास. चौदा महिन्यांनी नुसतं "होईल हळूहळू" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तारेच्या जुन्या व्रणावर बोटाने टकटक करून पाहा. करंट थेट अंगठ्याकडे धावत असेल, तर तिथे तंतूची गाठ झालेली असू शकते किंवा तो व्रणात अडकलेला असू शकतो. हे डॉक्टरांना दाखवा. कधी त्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन नेमका तंतू ओळखतात, कधी शस्त्रक्रियाही सुचवतात. तिची घाई नको, पण मत घ्या. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हाताचं काम बहुधा प्लास्टिक सर्जरी विभागात होतं, आणि वेदनेची ओपीडी असली तर ती भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे असते. केसपेपर काढताना नुसतं 'हात दुखतो' म्हणू नका, नाहीतर पुन्हा हाडांच्या रांगेत पाठवतील. 'मनगट मोडल्यानंतर मज्जातंतूची वेदना' असं सांगा. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवा. प्रीगॅबालिन तिथे बाहेरच्या ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळते.

हात सुजतोय, रंग बदलतोय, एकदम गार किंवा गरम पडतोय, घाम किंवा नखं वेगळी दिसतायत, बोटं आखडतायत, असं काही असेल तर ते दुखणं निराळं. त्यात थांबायचं नाही, आठवड्यात दाखवायचं. पकड कमी होऊन हातातून वस्तू पडू लागल्या तरी तसंच.

आता माझं काम. रोज चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं, त्या कातडीला स्पर्शाची नव्याने ओळख करून द्यायची. जुन्या रेशमी साडीचा तुकडा घ्या. आग होते त्या भागाच्या कडेपासून, जिथे स्पर्श चालतो तिथून, हलक्या हाताने आत यायचं. सहन होतं पण विसरता येत नाही, एवढ्यावर थांबायचं. चार-सहा दिवसांत ते सवयीचं झालं की मलमल, मग धुऊन मऊ झालेलं सुती पातळ, मग टॉवेल. त्यानंतर डब्यात राजगिरा घालून हात आत, मग मूग, मग तांदूळ. हे कंटाळवाणं आहे, चेष्टेचा विषयही होतं, पण गोळीने आवाज थोडा खाली आणला की हे जास्त जमतं. म्हणूनच दोन्ही बरोबर करा. बर्फ लावू नका, या दुखण्यात गारव्याने उलट चमक येते. गरम शेक देताना डाव्या हाताने तपासा, उजव्याची गरम-गारची पारख सध्या भरवशाची नाही.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. काच सध्या नको. बांगड्या भरताना कासार अंगठ्याच्या मुळाशीच हात दाबतो, तुमची नेमकी दुखरी जागा. त्याला आधीच सांगून ठेवा, डाव्या हातात भरा म्हणून. उजव्या हातासाठी उघडणारं, एक माप मोठं कडं घ्या आणि आजपासून रोज घालून बघा, पहिल्या दिवशी रेशमी तुकड्यावरून दोनच मिनिटं. लग्नाच्या दिवशी ते दोन तास राहिलं, तर वहीत लिहून मला कळवा.